मशेरीपुरतं बसणं

लावणीच्या दिवसांत बाईमाणसाने खाली बसायचं तर त्याला कारण लागतं. पाय दुखतात हे काही कारण नव्हे. पाय आहेत म्हणजे दुखणारच, त्यात सांगण्यासारखं काय? कंबरेचे टाके ढिले झाले तरी बाई नुसती सरळ होते, कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे बघते आणि पुन्हा वाकते. पण कुणी एकीने कनवटीची डबी काढली की साऱ्याजणी चिखलातून बांधावर येतात, पावसाची इरली पाठीवर तशीच ठेवून ओळीने उकिडव्या बसतात आणि तळव्यावर काळी चिमूट घेऊन बोटाने दातांवरून फिरवायला लागतात. तेवढा वेळ त्यांना कुणी काही म्हणत नाही. सासू म्हणत नाही, कारण तीही बसलेली असते. नांगऱ्या म्हणत नाही, कारण त्याने बिडी पेटवलेली असते. जोताचे बैलसुद्धा तेवढा वेळ शेपटीने माश्या वारत उभे राहतात.

मशेरी म्हणजे काय, तर तंबाखू खापरावर काळी होईस्तोवर भाजून केलेली पूड. दात घासायला म्हणून लावायची ती, पण दात काय सकाळी एकदा घासले की झालं. ही पुढे दिवसभर लागते.

हौसा लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या तोंडाला मशेरी ठाऊक नव्हती. मुलीच्या वेळी दिवस राहिले आणि पोटात अन्न ठरेना, तेव्हा सासूनेच, येसूबाईने, आपल्या डबीतली चिमूट तिच्या तळव्यावर ठेवली. "लाव गो, बरा वाटंल," म्हणाली. आणि बरं वाटलं. उलटी थांबली, भूकही थांबली, आणि मुख्य म्हणजे त्या दिवसापासून हौसा बांधावरच्या ओळीत बसायला लागली. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ती मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, आणि तिकडे तीही डबी बाळगायला लागली.

हौसाचा नवरा बाबू मुंबईला. त्याची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. आता कुठल्याशा गोदामावर राखणीला असतो आणि गणपतीला घरी येतो. लांज्यापासून आत, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत, घर चालतं ते म्हातारी येसूबाई, धाकटा दीर सदू आणि त्याची बायको गोदा यांच्यावर. आणि कामाला हौसा.

शिमगा सरला तेव्हापासून हौसाला तिखट सोसेनासं झालं होतं. चटणीचं बोट जिभेवर टेकलं की गालात आग. मग ती भाकरी पेजेत बुडवून खायला लागली. घरात हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. बायका जेवतात सगळ्यांच्या मागून, चुलीपुढे, भिंतीकडे तोंड करून. कोण काय खातंय आणि किती, हे भिंतीलाच ठाऊक.

पण हौसाला हे सगळं ठाऊक होतं, कारण तिने ते एकदा पाहिलं होतं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी तिखट सुटलं, मग भाकरी सुटली, आणि शेवटी गालच फुटला. पेज पाजली तर निम्मी गालातून बाहेर यायची. आणि त्या दुखण्यावर आई काय करायची, तर मशेरी लावायची. मशेरीने बधिर होतं ना. मरायच्या आदल्या दिवशीही तिने खुणेने डबीच मागितली होती.

म्हणून मिरगाच्या आधी, बाजाराच्या दिवशी, हौसा मीठमिरची आणायच्या निमित्ताने लांज्याला गेली आणि सरकारी दवाखान्याच्या ओळीत उभी राहिली. डॉक्टर घाटावरचा, तिच्या जावयाच्या वयाचा. "मावशी, तीन बोटं उभी करून तोंडात घाला बघू," म्हणाला. हौसाला वाटलं चेष्टाच करतोय. पण घालायला गेली तर दोन बोटं गेली, तिसरं काही जाईना. आपलं तोंड एवढं लहान कधी झालं, तिला कळलंच नव्हतं.

त्याने बॅटरी मारून आत पाहिलं. "गाल आतून पांढरा झालाय. चामड्यासारखा. मशेरी लावता?"

"वाईच."

"वाईच म्हणजे किती?"

"सगल्या लावतत तेवडी."

डॉक्टरने बॅटरी विझवली. "आजपासून बंद. एकदम बंद. लावणी संपली की परत या. पांढरं कमी झालं तर बरं, नाहीतर रत्नागिरीला पाठवीन, तिथे तुकडा काढून तपासतील. तिखट नको. दूध घ्या, फळं खा, जरा आराम करा."

हौसाने सगळ्याला मान डोलावली. दूध गोदाच्या पोराला पुरत नव्हतं, आणि फळं म्हणजे परसातली पपई, ती माकडं ठेवतील तर. पण तुकडा काढतात हे तिच्या काळजात बसलं. आईचा तर न काढताच पडला होता. येताना एसटीत तिने डबी खिडकीतून बाहेर टाकली. डॉक्टरचं काही चुकलं नव्हतं. चुकलं असेल तर एवढंच, की त्याने मशेरी सोड म्हणून सांगितलं, मग बसायचं कसं ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर तिने येसूबाईला सांगून टाकलं. लपवून राहण्यासारखं नव्हतंच. येसूबाई तेव्हा चुलीपुढे खापरावर तंबाखूच भाजत होती. धुराने तिचे डोळे भरले होते.

"काय सांगितलान डाकटरनं?"

"मशेरी सोड म्हनाला."

"आनि?"

"दूद पी. फलं खा. आराम कर."

"आनि माडीवर गादी घालून निजून ऱ्हा म्हनाला नाय तो?" येसूबाईने खापर हलवलं. "माज्या सासवेनं लावलान, मी लावतंय. माजे दात बग. एक तरी हाललाय?"

"माज्या आयशीचा काय झाला ता तुमाला म्हाईत हाय, आये."

येसूबाईने खापर खाली उतरवलं. मग म्हणाली, "तुज्या आयशीचा नशीब तसा व्हता. सोडतंस तर सोड बाय. तोंड तुजा हाय."

वाटलं होतं त्याहून सोपं गेलं, असं हौसाला त्या संध्याकाळी वाटलं. येडी बिचारी.

लावणी सुरू झाली. वाडीतल्या चार घरांची रीत अशी, की आज हिच्या शेतात सगळ्यांनी लावायचं, उद्या तिच्या. मजूर कुणाला परवडतो? पहिला दिवस तुळसाच्या शेताचा होता. तुळसा म्हणजे शेजारीण, हौसाच्याच वयाची. तोंडाने फटकळ, पण हाताची एवढी चलाख की तिच्या ओळीबरोबर ओळ धरताना भल्याभल्या बायांच्या तोंडाला फेस यायचा. सकाळभर वाकून झाल्यावर तिनेच डबी काढली. साऱ्याजणी बांधावर आल्या. हौसाही आली आणि ओळीच्या टोकाला टेकली. पायातून कळ उतरायला लागली, तेवढ्यात येसूबाई म्हणाली, "तुला लावायची नाय ना? मग रिकामी काय बसतंस? जा, तरव्याच्या मुठी घेऊन ये."

तिने रागाने म्हटलं नव्हतं. काम समोर आहे, एक माणूस रिकामं आहे, एवढंच तिला दिसलं. हौसा उठली. तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, वरच्या अंगाला होता. तिथून उपटून बांधलेल्या मुठी टोपलीत भरायच्या, टोपली डोक्यावर घ्यायची, पाणी गळतंय ते मानेवरून पाठीत, आणि निसरड्या बांधावरून खाली यायचं. ती खाली आली तेव्हा बायका तोंडं धुऊन चिखलात उतरत होत्या. हौसाने टोपली ठेवली आणि त्यांच्याबरोबर वाकली.

दुपारी तसंच. संध्याकाळी तसंच. दुसऱ्या दिवशी कुणाला सांगावंही लागलं नाही. डबी निघाली की सगळ्यांचे डोळे हौसाकडे वळत आणि हौसा टोपली उचलायची. सदूसुद्धा बिडी शिलगावता शिलगावता हाक मारायचा, "वयनी, मोकली हायस ना, बैलास्नी पानी दाव जरा." मशेरी सोडून हौसा चार घरांची मोकळी बाई होऊन बसली. बसली म्हणायचं आपलं. बसायचंच तर वांधे होते.

आणि भूक! ती इतकी वर्षं कुठे दडी मारून बसली होती कोण जाणे. सकाळी कोऱ्या चहावर घर सोडायचं ते दुपारच्या पेजेपर्यंत मधे काही नाही, ही सगळ्याच बायांची रीत. पण त्यांच्या पोटाला मशेरी गप्प करायची. हौसाचं पोट उन्हं वर यायच्या आधीच ओरडायला लागे. हात कापत. डोकं असं ठणके की चिखलातला हिरवा कोंब दोन दोन दिसे. पोटही साफ होईना. रात्री अंग मोडून यायचं पण झोप नाही. एकदा तर स्वप्नात तिने डबी उघडली आणि वासाने जागी झाली. तोंडाला पाणी सुटलेलं, आणि त्या पाण्याची तिला इतकी लाज वाटली की ती उठून पडवीत जाऊन थुंकली.

एके सकाळी तिने चुलीमागची रात्रीची भाकरी काढली आणि गोठ्याआड उभी राहून खाल्ली. स्वतःच्या घरात, स्वतः थापलेली भाकरी, चोरासारखी. नेमका सदू बैल सोडायला आला.

"वयनी, पोटात भूत शिरला काय गो?" तो हसला आणि दावं घेऊन गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण मनात नसलं की माणूस ते जिभेवर ठेवतं. शेतावर पोचेपर्यंत ती गोष्ट सगळ्यांना कळली होती.

"काय गो हौसा," तुळसाने वाकल्यावाकल्याच विचारलं, "गोट्यामागं भाकऱ्या खातंस म्हनं. बाबू काय गुपचूप येऊन गेला काय?"

बायका खिदळल्या. गोदासुद्धा हसली, मग इरल्याखाली तोंड घातलं. लेकीचं लग्न झालेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागतं, तेही भाकरीच्या तुकड्यापायी. हौसाने एक मूठ सोडली आणि कोंब चिखलात असे खुपसले की अर्धे मोडले.

येसूबाई हसली नाही. दुपारी मात्र पेज वाढताना तिने पळी हौसाच्या थाळीवर धरली आणि म्हणाली, "पोटाला लागता तर माग की. चोरून कशाला? लोक म्हनतील सासू उपाशी ठेवतंय." आणि मग पळीभर पेज जास्त वाढलीही. ती जास्तीची पेज हौसाने थाळीतच ठेवली. दया वाढली की अन्न कडू होतं.

तरी तिने धीर धरला होता. एक गोष्ट तिला धरून होती. आठवड्यापाठी आठवडा गेला तसं चटणीचं बोट सोसायला लागलं. दारातल्या उजेडात आरशाचा तुकडा धरून, गाल ओढून ती बघायची. सायीसारखं पांढरं होतं ते अजून होतंच, पण काठाला कुठेकुठे तांबूस दिसत होतं. निदान तिला दिसत होतं. ती आरसा कपारीत ठेवायची आणि आईची आठवण काढायची.

घात झाला तो वरच्या अंगाच्या बांधावर. पाऊस धो धो लागला होता. मशेरीची वेळ. सगळ्या बसलेल्या, आणि हौसा मुठींची टोपली घेऊन उतरत होती. डोळ्यांपुढे काळोख आला एवढंच तिला आठवतं. टोपली एकीकडे, ती एकीकडे, आणि मुठी वाहत्या पाटात. सदू बिडी टाकून धावला तो मुठींकडे. तरवा आधीच कमी, त्यातल्या निम्म्या मुठी पाण्याने नेल्या.

"आंदली काय गो तू?" तो ओरडला. "सकालपासना खाऊन खाऊन ह्या असा?"

हौसा चिखलात बसली होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा कामाच्या वेळी बसली होती, तीही पडली म्हणून. गोदाने येऊन तिला हात दिला. गुडघा सोलला होता. कुणी विचारलं नाही, आणि तिनेही दाखवला नाही.

त्या संध्याकाळी ती चुलीपुढे येसूबाईजवळ जाऊन बसली. "आये, माला मशेरी द्या," म्हणाली. "नाय जमत माला."

येसूबाईने तिच्याकडे पाहिलं, आणि म्हातारीचा चेहरा खरंच उजळला. त्यात खोट काढता येणार नाही. वाट चुकलेली सून घरी आली होती. तिने लगेच खापर चुलीवर ठेवलं, जपून ठेवलेली चांगली तंबाखू काढली, डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत पुसत भाजली, पाट्यावर बारीक केली आणि सगळ्यांत मोठा वाटा हौसाला दिला. स्वतःची जुनी डबीही दिली. "आता कशी मान्सांत आलीस," म्हणाली. "डाकटरला काय कलता? त्येला लावनी लावायची हाय?"

हौसा डबी घेऊन मागल्या दारी गेली. झाकण उघडलं. वास नाकात शिरला. एक चिमूट. कोण बघतंय? तिचं बोट पुडीत रुतलंही होतं. मग तिने डबी उकिरड्यावर पालथी घातली, वर शेण ओढलं, आणि हात पावसाच्या पागोळीखाली धरून पुन्हा पुन्हा धुतला. पडवीच्या कोनाड्यात दात घासायची राखुंडी असायची, भाताचं तूस जाळून केलेली. काळी ती पण, आणि बारीकही. तिने डबी राखुंडीने भरली, झाकण लावलं आणि कनवटीला खोचली.

दुसऱ्या दिवशी तुळसाने डबी काढली तशी हौसाही बांधावर आली. डबी काढली, चिमूट घेतली, बोट फिरवायला लागली. येसूबाईने पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. सदूने बैलांना स्वतः पाणी दाखवलं. टोपली जिथल्या तिथे राहिली. हौसाने पाठ इरल्याच्या काठाला टेकवली, आणि पायांतली कळ पोटऱ्यांतून घोट्यांत, घोट्यांतून बोटांत आणि बोटांतून बांधाच्या मातीत उतरत गेली. ती काळं थुंकली, सगळ्यांसारखंच. राख लावून बसायला मिळत होतं, तेही गोड लागलं. पण मनात कुठेतरी जळतही होतं. आपण काम करतो, चार घरचं करतो, आणि बसायला सोंग घ्यावं लागतं! बैलाला कुणी विचारतं का, तू का उभा राहिलास म्हणून?

असे बरेच दिवस गेले. राखुंडीने भूक मरत नव्हती, पण बसायला मिळालं की भूकही सोसते. सकाळी ती भाकरीचा तुकडा पदरात बांधून न्यायची आणि कोंब खुपसता खुपसता इरल्याखाली तोंडात टाकायची. येसूबाई दर बाजाराला नवी मशेरी भाजायची, हौसाचा वाटा द्यायची, आणि तो वाटा उकिरड्यात जायचा. म्हातारीचे धुराने सुजलेले डोळे बघून हौसाला तेवढं वाईट वाटायचं. पांढऱ्याचा काठ आता खरोखरच आत सरकला होता. लावणी उरकत आली होती. त्यांचाच खालचा मळा तेवढा राहिला होता. तो झाला की लांज्याला जायचं, डॉक्टरला तोंड दाखवायचं, असं तिने मनाशी धरलं होतं.

मळ्याच्या दिवशी चारी घरची माणसं आली होती. शेवटचा दिवस म्हणून येसूबाईने सुकटीचं कालवण करायला सांगितलं होतं. सकाळचा पहिला पट्टा संपला. बायका बांधावर आल्या. तुळसाने कनवट चाचपली, डबी काढली आणि कपाळावर हात मारला. झाकण उघडून डबीत चिखलपाणी भरलं होतं.

आता यात एक रीत आहे. आपली संपली, भिजली, सांडली, तर शेजारणीच्या डबीत बोट घालायचं. विचारायचं नाही. मीठ मागितलं तर बाई एक वेळ नाही म्हणेल, मशेरीला नाही म्हणत नाहीत. आणि तुळसाच्या शेजारी बसली होती हौसा. तिची डबी मांडीवर उघडी होती. तुळसाने तिच्याकडे न बघताच तीन बोटांत भरघोस चिमूट उचलली आणि तोंडात सारली.

हौसाचं बोट तोंडातल्या तोंडात थांबलं.

तुळसाने घासलं. आणखी घासलं. जिभेने चाचपलं. मग तिने पचकन थुंकून डबीकडे पाहिलं. "अगो, ही कसली मशेरी? ही राखुंडी हाय!"

आधी कुणाला कळलंच नाही. मग गोदाने बोट घालून चाखलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "व्हय गो बाय, राखच हाय." तुळसा पोट धरधरून हसायला लागली. "इतके दिस राख लावून बसत व्हती ही! आमी म्हनतंव सुदारली!" हसू बांधावरून मळ्यात गेलं. पलीकडे सदूने बिडी तोंडातून काढून विचारलं, "काय झाला गो?" आणि तुळसाने त्याला ओरडून सांगितलं. मग तोही हसला.

येसूबाईने हात लांब करून डबी घेतली. नाकाशी धरली. ती तिचीच जुनी डबी होती.

"मी भाजून देत व्हते ती कुटं गेली?"

हौसाने मांडीवरची राख झटकली.

"इचारतंय मी. कुटं गेली?"

"उकिरड्यात."

येसूबाईचा चेहरा मारल्यासारखा झाला होता. रागाहून त्यात दुसरंच काहीतरी जास्त होतं, आणि ते बघवत नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "डोले फोडून भाजली मी. आनि लावत नव्हतीस तर हितं येऊन बसत कशाला व्हतीस?"

या प्रश्नाला हौसाकडे उत्तर होतं. इतक्या दिवसांचं होतं. पण ते ओठांवर येईना. ते इतकं साधं होतं की सांगायचीच लाज वाटत होती.

येसूबाईने आपली डबी उघडली, मोठी चिमूट घेतली, हौसाचा डावा हात ओढून तळव्यावर ठेवली. "लाव," म्हणाली. "लाव आनि बस सगल्यांसारी. नायतर ऊठ आनि मुठी आन."

सगळ्यांची बोटं थांबली होती. हौसाने तळव्याकडे पाहिलं. खरी मशेरी. तिचा वास नाकातून थेट डोक्यात गेला, तोंडात पाणी भरलं, हात आपोआप थोडा वर आला. काय होणार होतं एका चिमटीने? हसू थांबलं असतं. म्हातारी निवली असती. आज, उद्या, परवा, जन्मभर बसायला मिळालं असतं. जन्म म्हणजे किती, एवढाच प्रश्न होता. आईचा गाल तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्यातून येणारी पेज.

तिने हात इरल्याबाहेर, पावसात धरला. आधी पूड ओली झाली, मग तिचं काळं पाणी झालं आणि मनगटावरून, बांगड्यांमधून कोपरापर्यंत ओघळलं. हौसाने हात मागे घेतला नाही. सगळं जाईपर्यंत धरून ठेवला. मग लुगड्याला पुसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. रिकामे.

"मी लावनार नाय," ती म्हणाली. "आनि बसनार हाय."

"कशाला?" येसूबाईने विचारलं.

"पाय दुकतत म्हनान."

कुणी हसलं नाही. तुळसाने भिजलेली डबी पुन्हा कनवटीला खोचली. गोदा आपल्याच चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत राहिली. कुणीतरी चारचौघांत सांगू नये ते सांगावं, तसं त्या बांधावर झालं होतं. पलीकडून सदूने जोत हाकलं आणि ओरडला, "उठा की गो आता, खालचा मला सरायचाय ना आज?"

तुळसा उठली. तिच्यामागून गोदा उठली, बाकीच्या उठल्या. चिखलात पाय पडल्याचे आवाज आले. येसूबाई गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत उभी राहिली. सुनेकडे बघत म्हणाली, "पाय सगल्यांचेच दुकतत."

"मग तुमीय बसा, आये."

येसूबाई उभीच राहिली. तिने मळ्याकडे पाहिलं, वाकलेल्या पाठींकडे पाहिलं, आणि मग बांधाकडे पाहिलं. तिथली आपली जागा अजून दबलेली होती. ती दोन पावलं चिखलाकडे गेली. मग वळली. हौसाच्या शेजारी आली आणि हळूहळू खाली टेकली.

सासू शेजारी बसली होती, खांद्याला खांदा लागत होता, आणि दोघींच्या हातात काही नव्हतं. पाऊस इरल्यांवर वाजत होता. म्हातारी अवघडली होती. हात मांडीवर ठेवी, उचली, पुन्हा ठेवी. मळ्यातून तुळसाने मान वर करून बघितलं. सदूने बैल थांबवून बघितलं. येसूबाईला सगळे बघताना दिसले.

तिने कनवट चाचपली, डबी काढली आणि दुसऱ्यांदा चिमूट घेतली. मळ्यातल्यांनी माना खाली घातल्या आणि सदूने जोत पुढे हाकलं. येसूबाई आता निवांत झाली. चिमूट तोंडाशी नेली, तर बोट आत जाईना. तिने मान वाकडी केली, दुसऱ्या हाताने ओठ ओढून धरला, आणि एकच बोट, तेही आडवं करून, कसंबसं दातांआड सारलं.

"आये," हौसा म्हणाली, "तिकाट सोसता काय वो तुमाला?"

येसूबाई मळ्याकडे बघत मशेरी लावत राहिली.